फिल्टरचा यूव्ही दिवा जंतूंना संपवतो, मग उन्हात आपलं काय?

प्रश्न : मी कुरिअरचं काम करतो, दिवसभर बाईकवर असतो. घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये यूव्ही दिवा आहे, सर्व्हिसिंगला आलेला मुलगा म्हणाला की तो जंतूंचा डीएनएच बिघडवतो. यूव्ही तर उन्हातपण असतं ना, मग माझ्या पेशींचं काही होत नाही का? आणि हात कोपरापर्यंत काळे पडलेत ते त्यामुळेच का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : दादा, होतं की, रोज होतं. यूव्हीचे ए, बी, सी असे तीन प्रकार, फरक एवढाच की फिल्टरचा दिवा २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा यूव्ही-सी सोडतो आणि उन्हातला यूव्ही-सी वरच ओझोनमध्ये अडतो, आपल्या वाट्याला यूव्ही-ए आणि थोडासा यूव्ही-बी येतो. पण हा थोडासा पण कमी नाही, मे महिन्याच्या मध्यावर मुंबईत दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, आणि यूव्ही-बी जे नुकसान करतो ते फिल्टरमधल्या जंतूंसारखंच असतं.

म्हणजे काय, तर डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो, त्यात दोन टी शेजारी-शेजारी असले आणि त्यांनी यूव्ही शोषलं की ते एकमेकांना चिकटतात, तिथे डीएनए वाकतो, आणि कॉपी काढणारं यंत्र त्या जागी येऊन अडतं. दिव्याखाली जंतूत असे जोड इतके पडतात की त्याला पुढे वाढताच येत नाही.

आपल्या पेशीत मात्र दुरुस्तीची टोळी कायम हजर असते. एक्सपीसी नावाचं प्रोटीन वाकलेली जागा हुडकतं, दुसरी प्रोटीन्स डीएनएचे तिथले दोन्ही धागे उघडतात, मग खराब धागा दोन्ही बाजूंनी कापून साधारण तीस अक्षरांचा तुकडाच काढून टाकतात आणि समोरच्या चांगल्या धाग्यावर बघून नवीन भरतात. खड्ड्यावर नुसती खडी टाकून निघून जायचं नाही, आजूबाजूचा चौकोन कापून नीट भरायचा, असं काम. (आपल्या रस्त्यांच्या नशिबी हे कधी येणार देवजाणे.) त्यातही जी जनुकं तेव्हा वापरात असतात त्यांची दुरुस्ती आधी होते, कारण ती वाचणारं यंत्र अडकलं की तेच टोळीला बोलावतं.

पण सगळं लगेच होत नाही बरं का, काही जोड काही तासांत निघतात, टी-टीचे हट्टी जोड दुसऱ्या दिवशीही थोडे उरतात. तोवर पी५३ हे प्रोटीन पेशीला विभागू देत नाही, आणि नुकसान फारच असेल तर पेशी स्वतःच मरते, उन्हात भाजल्यावर साल निघते ती अशीच. खरा धोका मेलेल्या पेशीचा नाहीच, चुकीची कॉपी काढून जिवंत राहिलेल्या पेशीचा आहे, सीच्या जागी टी बसणं ही उन्हाची ठरलेली खूण त्वचेच्या कॅन्सरमध्ये सापडते. झेरोडर्मा पिग्मेंटोसम नावाच्या आजारात ही दुरुस्ती जन्मतःच बिघडलेली असते, १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी ते दाखवलं, आणि त्या मुलांना त्वचेच्या कॅन्सरचा धोका हजारो पटींनी जास्त असतो.

गंमत म्हणजे एका बाबतीत जंतू आपल्या पुढे आहेत. बऱ्याच बॅक्टेरियांकडे, झाडांकडे, बेडकांकडे, अगदी कांगारूकडेही फोटोलायेज नावाचं एन्झाइम असतं, ते निळा उजेड वापरून चिकटलेले टी थेट सोडवतं, कापाकापी नाहीच. आपल्याकडून ते उत्क्रांतीत कधीतरी सुटलं. म्हणून फिल्टरचं पाणी पारदर्शक बाटलीत खिडकीत ठेवू नका, एखादा अर्धमेला जंतू उरलाच तर त्याला आयतीच मदत. तुमच्या भांडुपच्याच जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी क्लोरीन घालून निघतं आणि थोडं क्लोरीन पाण्यात शिल्लकही राहतं, पण फिल्टरमधला कार्बन ते काढून टाकतो आणि यूव्ही मागे पाण्यात जंतू मारणारं काहीच ठेवत नाही. झाकून ठेवा, लवकर संपवा. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर आधी गाळणी बघा, गढूळातून यूव्ही नीट पोचतच नाही.

आता हात. हो, त्यामुळेच. नुकसान झालं की पी५३च रंग वाढवायचा निरोप देतं, मग मेलॅनिन हा त्वचेचा रंग येऊन पेशीच्या केंद्रकावर, म्हणजे डीएनए असतो तिथे, छत्रीगत बसतं. म्हणजे काळे पडणं हे नुकसान होऊन गेल्यावरचं लक्षण आहे, लोक त्याला सवय झाली म्हणतात ते मला पटत नाही. त्यापेक्षा घट्ट विणीच्या कापडाच्या फुल स्लीव्हज घाला, शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे, आणि ढगाळ दिवशीपण काढू नका, ढगातून यूव्ही बऱ्यापैकी खाली येतं.