पेट्रोलच्या लाइनवर वेल्डिंग करायचं आहे. ड्रेन करून कॉम्प्रेस्ड एअर मारली तर चालेल का?

नाही, हवा मारू नका. पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की पेट घेते. नुकत्याच ड्रेन केलेल्या लाइनमध्ये वाफेचं प्रमाण याहून बरंच जास्त असतं. हवा मारली की ते उतरत उतरत नेमकं याच पट्ट्यातून जातं, त्यात जोरात उडणाऱ्या थेंबांनी स्टॅटिकही तयार होतं. म्हणून आधी नायट्रोजन, हवा सगळ्यात शेवटी.

पंपाला लॉक-टॅग करा (म्हणजे कोणी चालू करू नये म्हणून कुलूप आणि पाटी लावा), लाइनचं प्रेशर उतरवा. सगळ्यात उंचावरचा व्हेंट उघडा, नाहीतर आत व्हॅक्यूम धरून ड्रेन अर्ध्यात थांबतो. माल बाँडिंग केलेल्या (स्टॅटिकची ठिणगी पडू नये म्हणून केबलने लाइनला जोडलेल्या) बंद टाकीत घ्या, उघड्या बादलीत नको. पिग (लाइनमधून ढकलायचा घट्ट बसणारा गोळा) घालायची सोय असेल तर तो नायट्रोजनच्या दाबाने सावकाश ढकला. पेट्रोल अडकतं ते चेक व्हॉल्व्हच्या (एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या) मागे, डेड लेगमध्ये (पुढे बंद असलेल्या फाट्यात) आणि बॉल व्हॉल्व्हच्या पोकळीत. ड्रॉइंग हातात घेऊन लाइनवर चाला आणि अशी प्रत्येक जागा वेगळी ड्रेन करा.

मग दोन्ही टोकांना ब्लाइंड, म्हणजे लाइन पूर्ण बंद करणारी पोलादी चकती. बंद व्हॉल्व्हवर विसंबून वेल्डिंग करू नये, सीट थोडी तरी गळतेच. फ्लँज उघडण्याआधी दोन्ही बाजू बाँडिंग केबलने जोडा आणि तुमच्यापासून लांबचे बोल्ट आधी ढिले करा. आत दाब उरला असेल तर फवारा पलीकडे जातो.

नायट्रोजन किती लागेल? आतला व्यास 200 मिमी आणि लांबी 500 मीटर असेल तर आकारमान सुमारे 15.7 घनमीटर. नुसतं पातळ करत काढायचं तर या आकारमानाच्या 3 ते 5 पट धरा, म्हणजे 47 ते 79 घनमीटर. 150 बारच्या 47 लिटरच्या सिलिंडरमध्ये साधारण 7 घनमीटर मिळतो, त्यामुळे 7 ते 12 सिलिंडर. रेग्युलेटरच्या पुढे रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. व्हेंटचं तोंड उंच आणि मोकळ्यावर ठेवा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, खाली उतरून गटारात साचते.

आता मीटर. नेहमीच्या एलईएल मीटरचा (वाफ पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या किती टक्के आहे ते दाखवणाऱ्या) कॅटॅलिटिक सेन्सर वाफ जाळून मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनने भरलेल्या लाइनमध्ये तो वाफ असतानाही शून्याजवळ दाखवू शकतो. तिथे इन्फ्रारेड सेन्सरचा, टक्के व्हॉल्यूममध्ये मोजणारा मीटर वापरा. वाफ 2 टक्के व्हॉल्यूमच्या खाली आली की हवा सोडायला हरकत नाही. हवेने नायट्रोजन निघून ऑक्सिजन 20.9 टक्क्यांवर आला की मग साधा मीटर चालतो. माझ्या मते वेल्डिंगसाठी त्यावर शून्यच हवं, वेल्डिंगच्या परमिटवर 'दहाच्या आत' (एलईएलच्या दहा टक्क्यांच्या आत) चालत असलं तरी.

वाचन एकाच तोंडाशी घेऊ नका. प्रत्येक ड्रेनवर, व्हेंटवर घ्या. मग लाइन अर्धा तास बंद ठेवून पुन्हा घ्या. आकडा वर चढला तर कुठेतरी पेट्रोल शिल्लक आहे, पुन्हा नायट्रोजनपासून सुरुवात.

व्हेंटपाशी वाकून पाहू नका. जवळपास शुद्ध नायट्रोजनचे एक-दोन श्वास माणसाला बेशुद्ध करायला पुरतात, आणि त्याला वासही नसतो.