सकाळच्या घाईत भाज्या घालून, भरपूर प्रोटीन असलेला तिखटमिठाचा नाश्ता कोणता?

तुम्ही लिहिलंय की साडेसातला घर सोडावं लागतं, पोहे-उपमा खाल्ला तर अकरालाच भूक लागते, आणि ओट्स घशाखाली उतरत नाहीत. मी तुम्हाला हिरव्या मुगाची धिरडी करायला सांगेन. आमच्याकडे आठवड्यातून तीन सकाळी तरी हीच होतात.

पोहे मलाही आवडतात. पण बशीभर पोह्यांना साधारण 60 ग्रॅम कोरडे पोहे लागतात आणि त्यातून प्रोटीन मिळतं जेमतेम 4 ग्रॅम. तेवढ्याच वजनाचे कोरडे मूग 14 ग्रॅमच्या आसपास देतात.

दोघांसाठी वाटीभर सालासकट मूग आणि दोन चमचे तांदूळ रात्री झोपताना धुऊन भिजत घाला. तांदूळ वगळू नका. त्याने कडा कुरकुरीत होतात, शिवाय प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यांपैकी मुगात कमी असलेलं मेथिओनिन तांदळातून मिळतं आणि तांदळात कमी असलेलं लायसिन मुगातून. सकाळी पाणी काढून टाका, मिरची, आलं, जिरं घालून मिक्सरला लावा. पाणी अगदी बेताचं. पीठ बोटांना किंचित रवाळ लागलं पाहिजे. गंधासारखं गुळगुळीत वाटलंत तर धिरडं चिकट होतं.

आता भाज्या. मेथी बारीक चिरून, गाजर किसून, कोबी, कांद्याची पात, जे घरात ताजं असेल ते. दोघांच्या पिठात दीड वाटी भाजी सहज मावते. दुधी असेल तर किसून पिळा आणि ते पाणी वाटताना वापरा. एक चूक मी बरेच दिवस करत होते: वेळ वाचावा म्हणून भाज्या आणि मीठ रात्रीच एकत्र करून ठेवायचे. मिठाने भाजीला पाणी सुटायचं, सकाळी सगळं पातळ व्हायचं आणि उलटताना धिरडं फाटायचं. तेव्हापासून मीठ तवा तापल्यावरच घालते.

तवा बिडाचा असेल तर उत्तम. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवा, म्हणजे पहिलं धिरडं चिकटत नाही. पीठ डावाने मधोमध घालून हलक्या हाताने पसरवा, कडेने चमचाभर तेल सोडा आणि झाकण ठेवा. दोनेक मिनिटांनी वरचा ओलसरपणा जातो, कड आपोआप सुटते आणि मेथीचा खमंग वास येतो. तेव्हाच उलटा, त्याआधी उलथनं लावू नका.

अंडं चालत असेल तर वरची बाजू ओली असतानाच एक फेटलेलं अंडं पसरवा, आणखी 6 ग्रॅमची भर पडते. नसेल चालत तर 50 ग्रॅम पनीर किसून घाला, त्यातून 9 ग्रॅमच्या आसपास मिळतं. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी हवीच.

मूग भिजवायचे राहिलेच, तर बेसनात ह्याच भाज्या घालून पोळा करा. त्यातही प्रोटीन चांगलं असतं, फक्त पीठ कालवून पाच मिनिटं मुरू द्या आणि मंद आचेवर भाजा, नाहीतर बेसन कच्चं लागतं.

सकाळी ओट्याशी मला पंचवीस मिनिटं उभं राहावं लागतं, त्यात चिरणंही आलं. उरलेलं मुगाचं पीठ भाजी आणि मीठ न घालता फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी छान चालतं.