साखरपुड्याची अंगठी: कोणता खडा?

प्रश्न: हिरा परवडत नाही. सराफ अमेरिकन डायमंड सुचवतात, मित्र मोइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा खडा. होणारी बायको नर्स आहे, अंगठी रोज घालणार. काय घेऊ?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: मोइसनाइटच घ्या. अमेरिकन डायमंड म्हणजे झिरकोनिया हा कृत्रिम खडा. कडकपणा (मोह्स मापावर, १० पैकी) साधारण ८.५, रोजच्या वापरात चरे पडून धुरकटतो. मोइसनाइट ९.२५, हिरा १०. मोइसनाइटची चमक हिऱ्याहून रंगीत. मोठ्या खड्यात (मला तरी) भडकच वाटते, म्हणून लहान बघा. उंच बसवलेला खडा हातमोज्यात अडकून मोजा फाटतो, तेव्हा सराफांना बैठी घडण सांगा. सोनं १८ कॅरेट, आतल्या बाजूचा ७५० चा (म्हणजे ७५% सोनं) शिक्का भिंगातून वाचा. मोडीत पैसे सोन्याचेच येतात, त्यामुळे बिलावर खड्याचं वजन वेगळं लिहून घ्या.