डिसेंबरात पेरलेला गहू फेब्रुवारीच्या उन्हात कसा तगवावा?

प्रश्न (दौंड व शिरूर तालुक्यांतून): कांदा निघेपर्यंत नोव्हेंबर संपतो, त्यामुळे गहू डिसेंबरातच पेरला जातो. दोन वर्षे ओंब्या चांगल्या आल्या, पण दाणा बारीक, सुरकुतलेला निघाला. कालव्याचे आवर्तनही वेळेवर मिळत नाही. काय बदलावे?

उत्तर: शेतकरी बंधूंनो, ओंबी चांगली म्हणजे पीक चुकले नाही, दाणा भरायला दिवस कमी पडले. फेब्रुवारीत दिवसाचे ऊन वाढते आणि रात्रीही उबदार राहतात. पीक लवकर पिकते आणि पानांनी दिवसा तयार केलेली साखर रात्रीच्या श्वसनात खर्च होते.

पहिली दुरुस्ती वाणाची. एमएसीएस 6478 हा आपल्या पुण्याच्या आघारकर संस्थेचा वाण उत्तम, पण तो वेळेवरच्या पेरणीचा. उशिरासाठी निफाड 34 किंवा फुले समाधान घ्या. फुटवे कमी येतात, म्हणून एकरी 40 ऐवजी 50 किलो बियाणे, दोन ओळींत 18 सेंटिमीटर अंतर आणि 5 सेंटिमीटर खोली ठेवा. 15 डिसेंबर उलटला तर गव्हाचा नाद सोडा. खर्चही निघणे कठीण.

एकरी 52 किलो डीएपी, 19 किलो युरिया व 27 किलो पोटॅश पेरणीसोबत, आणि तीन आठवड्यांनी खुरपणी करून 40 किलो युरिया. त्यानंतर पीक पिवळसर दिसले म्हणून पुन्हा युरिया फेकू नका. पीक माजते, मावा येतो, वाऱ्याला लोळते.

पाण्याचे खरे गणित इथे आहे. पाणी भरपूर असेल तर मध्यम जमिनीत दर 15 दिवसांनी द्या. दोनच पाळ्या मिळणार असतील तर पहिली 20-22 दिवसांनी, मुकुटमुळे (जमिनीलगत खोडाच्या बुडातून येणारी मुळे) फुटताना, आणि दुसरी फुलोरा ते दाण्यात चीक भरताना. तीन मिळाल्या तर मधली कांडी धरताना, 40-42 दिवसांनी. उशिराच्या गव्हात फुलोरा काही दिवस आधीच येतो, तेव्हा पुढचे पाणी तारीख बघून नव्हे, ओंबी बघून ठरवा. आवर्तन लांबणार असेल तर विहिरीतले किंवा शेततळ्यातले पाणी या फुलोरा-चिकाच्या पाळीसाठीच राखा. ओंबी भरल्यावर पाणी द्यायचे झाले तर पीक लोळू नये म्हणून वारा पडलेला असताना, संध्याकाळी हलके द्या.

पोटरीत (ओंबी पानाच्या आवरणात असताना) आणि फुलोऱ्यात 13:00:45 ची (पोटॅशियम नायट्रेट या विद्राव्य खताची) 2 टक्के फवारणी करा: एकरी 200 लिटर पाण्यात 4 किलो, दुपार टळल्यावर. त्यात कीटकनाशक मिसळू नका. जमीन कोरडी असेल तर आधी पाणी, मग फवारणी. तहानलेल्या पिकावर फवारून उपयोग नाही.