कवितांची छोटी पुस्तिका स्वतः काढायची असेल तर आधी डमी करा

तुम्ही विचारलंय की चाळीसेक कविता साठल्यात, प्रकाशकाची वाट बघत बसायचं नाहीये, तर स्वतःचं चॅपबुक, म्हणजे कवितांची छोटी पुस्तिका, काढता येईल का आणि त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर शिकावं. काढता येतं, आणि सुंदर निघतं. पण सॉफ्टवेअर नंतर. आधी सहा कोरे ए४ कागद घ्या, एकात एक ठेवून मधोमध दुमडा. झाली २४ पानांची ए५ पुस्तिका. हिच्यावर पेन्सिलीने पान नंबर टाका आणि कुठल्या पानावर कुठली कविता ते फक्त शीर्षकाने लिहीत जा. ही डमी हातात असल्याशिवाय कम्प्युटर उघडू नका असं मी सगळ्यांनाच सांगते, कारण स्क्रीनवर आपण एकेक कविता बघतो आणि वाचणारा मात्र समोरासमोरची दोन पानं एकदम बघत असतो.

डमी केली की पहिलं हे कळतं की चाळीस कविता बसत नाहीत. पहिलं पान शीर्षकाचं, दुसरं हक्क-श्रेय वगैरे, शेवटचं एक राखून ठेवायचं, म्हणजे उरली एकवीस. एखादी कविता दोन पानांची असणारच, म्हणजे सोळा ते अठरा कविता. आणि हे चांगलंच आहे. जाड संग्रहात मधल्या दहा कविता जेमतेम असल्या तरी खपून जातात, इथे नाही खपत. निवडताना "माझ्या सगळ्यात चांगल्या" असं न बघता एकमेकींशी बोलणाऱ्या कविता कुठल्या ते बघा. एकच काळ, एकच माणूस, एकच घर, काहीतरी धागा हवा. सगळ्या प्रिंट काढून जमिनीवर पसरा, दोन दिवस तशाच राहू द्या, येताजाता हलवत राहा. एखादी फार लाडकी कविता कुठेच बसत नसेल तर ती पुढच्या पुस्तिकेची, ओढून ताणून बसवू नका.

मग पान उलटण्याचा विचार. विषम नंबर कायम उजवीकडे येतो, म्हणजे दोन पानी कविता डावीकडून सुरू केली तर ती सलग दिसते, उजवीकडून सुरू केली तर मधे पान उलटावं लागतं. कधीकधी ते उलटणं कवितेला हवंच असतं, थांबा मिळतो, पण तसं असेल तर ठरवून करा. पान संपतं तिथेच कडवं संपत असेल तर वाचणाऱ्याला वाटतं कविता संपली, त्यामुळे पान शक्यतो कडव्याच्या मधे तोडायचं. मधली जोडी, म्हणजे १२-१३, हा एकच अखंड कागद असतो, रुंद मांडणीची कविता किंवा चित्र असेल तर ती जागा त्याची.

आता सॉफ्टवेअर. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि साध्या पुस्तिकेला पुरतं. इनडिझाइन हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर पॅराग्राफला वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग लावा नाहीतर जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. कविता जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधे टाइप केलेल्या असतील तर आधी युनिकोडमधे आणा आणि नंतर एकेक ओळ मुळाशी ताडून बघा, कन्व्हर्टर र्‍हस्व-दीर्घ आणि रफार बिनधास्त इकडचे तिकडे करतो. "दुसऱ्या", "तऱ्हा" यातला र नीट आलाय का हे वेगळं तपासाच. फॉन्ट मराठी वळणाचा ल आणि श देणारा घ्या, टिरो देवनागरी मराठी हा मोफत आहे आणि कवितेला शोभतो. साइझ ११ ठेवलीत तर दोन ओळींत १६-१७ पॉइंट अंतर द्या, आपल्या लिपीला वर मात्रा खाली उकार, दाटी झाली की वाचवत नाही. लांब ओळ मावत नसेल तर मोडलेला भाग आत सरकवा म्हणजे ती नवी ओळ वाटणार नाही. आणि कविता पानाच्या मधोमध सेंटर करू नका प्लीज, डावीकडून सुरू होऊ द्या, डोळ्याला दर ओळीची सुरुवात शोधावी लागू नये.

छापताना पीडीएफ साध्या क्रमानेच करा, फॉन्ट एम्बेड झालेत का, म्हणजे फाइलच्या आतच बसलेत का, बघा आणि प्रिंटच्या खिडकीतला बुकलेट पर्याय वापरा, तो पानं आपोआप लावतो. दोन्ही बाजूंनी छापताना शॉर्ट एजवर फ्लिप ठेवायचं, नाहीतर मागची बाजू उलटी येते. तपासायची सोपी खूण अशी की कागदाच्या एका बाजूवरच्या दोन पान नंबरांची बेरीज नेहमी एकूण पानं अधिक एक येते, म्हणजे २४ ला १, २३ ला २. आतला कागद ८० ते १०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), किंचित पिवळसर असेल तर डोळ्याला बरा, कव्हर २०० ते २५०, पण ते आधी क्रीझ करून, म्हणजे घडीची रेघ दाबून, घ्या नाहीतर घडीवर तडकतं. लेझर प्रिंट शक्यतो, बऱ्याच इंकजेटची शाई पाणी लागलं की पसरते.

बांधणीला दोन पिना पुरतात, पण लांब हाताचा स्टेपलर लागतो. माझं मन मात्र दोऱ्यात आहे. घडीवर तीन भोकं पाडा, पाठीच्या उंचीच्या अडीचपट मेण लावलेला दोरा घ्या, आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून थेट खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोन टोकं घेऊन गाठ. शिवलेली पुस्तिका उघडी ठेवली की शांत पडून राहते आणि कुणीही हातात घेतलं की आधी तो दोरा चाचपून बघतं, मला ते फार आवडतं. शिवून झाल्यावर आतली पानं जरा बाहेर डोकावतात, मोकळ्या कडेला एकदा कटिंग करून घ्या, म्हणूनच पान नंबर कडेला अगदी चिकटवू नका.

सगळ्या प्रती छापायच्या आधी एकच छापून, शिवून, दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत, डोळे आपोआप दुरुस्त करून वाचतात.

हक्कांचं थोडक्यात. कविता लिहिली की कॉपीराइट तुमचाच, नोंदणी नसली तरी. मासिकात आधी छापून आलेल्या असतील तर पुन्हा छापायची मुभा आहे का विचारा आणि श्रेय द्या. कव्हरवरचं चित्र नेटवरून उचललेलं नको, काढणाऱ्याची लेखी परवानगी घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दुकानांतून आणि ऑनलाइन विकायचं असेल तरच खरा उपयोगाचा, हातोहात द्यायच्या पुस्तिकेला नसला तरी अडत नाही. शेवटच्या पानावर मात्र वर्ष, आवृत्ती, किती प्रती, फॉन्ट, चित्रकार आणि शिवायला बसलेल्यांची नावं घाला, प्रत्येक प्रतीवर हाताने नंबर टाका. पहिल्या खेपेला पन्नासच करा, संपल्या तर फाइल आहेच, पुन्हा छापता येतात. त्यातल्या दोन-तीन मात्र कुणी कितीही मागितल्या तरी देऊ नका, स्वतःकडे ठेवा.