‘पोरगं येत नाही’ असं लिहिण्याआधी

‘मॅडम, बोर्डाची तारीख वेगळी, पीओ साहेबांकडची हजेरी वेगळी, तुमच्याकडे समुपदेशन वेगळं, वृद्धाश्रमातलं काम वेगळं. पोरगं तरी कुठं कुठं पुरणार? एखादी हजेरी चुकली की माझ्या पोटात गोळा येतो, आता रिमांड होमला टाकतील का म्हणून. आणि एवढं सगळं करूनही डाग राहणारच ना?’

गेल्या महिन्यात एका आईने हे विचारलं. बाल न्याय मंडळ, म्हणजे त्या म्हणतात ते ‘बोर्ड’, गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं पाहतं. तिथून आलेल्या मुलांचं समुपदेशन मी करते, त्यामुळे असे प्रश्न मला नवे नाहीत. उत्तर म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते. त्याची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायद्याचीच तशी सक्ती आहे, आणि ती नसती तरी मी बदललेच असते.

त्याला सागर म्हणू. वय सोळा, दहावीत गणित आणि इंग्रजी राहिलेलं, गावच्या गॅरेजमध्ये हेल्परचं काम. वडील नाहीत, आई शेतात मजुरीला जाते. बाजाराच्या दिवशी मित्राबरोबर कुणाची तरी मोटारसायकल चक्कर मारायला नेली आणि पेट्रोल संपल्यावर कॅनॉलवर सोडून दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच केलं, त्या वेळी सापडले. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत मंडळासमोर उभं केलं. परिविक्षा अधिकारी, म्हणजे अशा मुलांवर देखरेख ठेवणारे ‘पीओ साहेब’, गृहचौकशी करून आले, त्यांनी मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल दिला. पुढे मंडळाने 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 18 खाली आदेश केला: वर्षभर आईच्या ताब्यात, परिविक्षा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, गट समुपदेशन, वृद्धाश्रमात चाळीस तास सामुदायिक सेवा, आणि दहावीची परीक्षा द्यायची.

आदेश चांगला होता, हे मी आजही म्हणते. कुणीतरी त्या मुलाचा विचार करून तो लिहिला होता. त्याला कोंडून ठेवण्याची कुणालाच घाई नव्हती.

पण दोन महिन्यांत गटाच्या सहा बैठकांपैकी तीनला सागर आलाच नाही. माझ्या टेबलावर प्रगती अहवालाचा कोरा फॉर्म होता. ‘बालक समुपदेशनास सहकार्य करत नाही’ हे वाक्य हातातून इतक्या सहज उतरतं की भीती वाटावी. ते लिहिण्याआधी आईला बोलावलं, तेही खरं तर सहीसाठीच.

त्या आल्या, हातात किराणा दुकानाची कॅरीबॅग. तिच्यात आदेशाची प्रत, आधारची झेरॉक्स आणि रबर लावलेली एसटीची तिकिटं. सगळी जपून ठेवलेली. कुणी खोटं म्हटलं तर दाखवायला. काहींवरची शाई उडाली होती, बाकीच्यांवर तारीख आणि वेळ स्पष्ट दिसत होती. मी माझी हजेरीवही शेजारी ठेवली. पहिल्या गैरहजेरीच्या दिवशी सकाळी नऊ वीसचं तिकीट होतं, गाव ते जिल्हा. म्हणजे सागर त्या दिवशी इथेच होता. परिविक्षा कार्यालयाच्या बाकड्यावर दुपारी चारपर्यंत बसून राहिला होता. साहेब दुसऱ्या तालुक्यात गृहचौकशीला गेले होते आणि निरोप द्यायला कुणी नव्हतं. दुसरीही तशीच: त्या दिवशी त्याला वृद्धाश्रमात बोलावलं होतं. तिसऱ्या बुधवारी मात्र तिकीटच नव्हतं. त्या आठवड्यात घरात पैसे नव्हते.

‘माझं तिकीट निम्मं लागतं मॅडम, त्याचं पूर्ण,’ त्या म्हणाल्या. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. सोळा वर्षांच्या मुलाला नाही, आणि शाळा सुटलेली असल्यामुळे विद्यार्थ्यांचा पासही नाही. आठवड्यात तीन खेपा, दर खेपेला त्याचा गॅरेजचा खाडा. आई सोबत आली तर तिचीही मजुरी बुडाली. मी त्याला गटात ‘जबाबदारी’ या विषयावर बोलायला लावत होते आणि तो बाकड्यावर दिवस काढून घरी परत जात होता.

मी फॉर्म बाजूला ठेवला आणि परिविक्षा अधिकाऱ्यांना फोन केला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्याकडे इतके तालुके आहेत की ते स्वतःच एसटीत असतात. ‘तो आला होता हे मला कुणी सांगितलंच नाही हो,’ ते म्हणाले आणि गप्प झाले. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिका म्हणाल्या, ‘आम्हाला वाटलं त्याला बाकी काही नाहीच.’ प्रत्येकाने आपापली वेळ दिली होती. सगळ्या वेळा एका कागदावर मांडून पाहायचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं. माझ्याही नव्हतं, आणि मीही ते अंगावर घेतलं नव्हतं.

पुढच्या बोर्डाच्या दिवशी, कामकाज संपल्यावर, आम्ही अर्धा तास एकत्र बसलो. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात, त्यातली एक तरी महिला असावीच लागते. त्या बाई थांबल्या. परिविक्षा अधिकारी होते, मी होते, सागर आणि त्याची आई होती. आईला मी घरचं भिंतीवरचं कॅलेंडर आणायला सांगितलं होतं. त्यावर दुधाचा हिशेब होता, रोजच्या चौकटीत ‘अर्धा’ किंवा ‘पाव’. त्याच चौकटींत आम्ही सागरच्या तारखा बसवल्या. गट बुधवारी अकरा वाजता असतो, आणि बुधवारीच साहेब त्या इमारतीत असतात. म्हणून देखरेखीची भेट गटानंतर लगेच. जिल्ह्याला खेप आठवड्यातून एकच. वृद्धाश्रम बदलायचा तर आदेश बदलायला हवा, आणि तो अधिकार फक्त मंडळाचा. साहेबांनी आईच्या सहीने अर्ज दिला. मंडळाने सेवेचं ठिकाण त्याच्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाच्या बागेत हलवलं, शनिवारी चार ते सहा. शिल्लक तास तेवढेच राहिले.

यायला जमणार नसेल तर एकाच माणसाला कळवायचं, म्हणजे मला. आणि आम्हा सगळ्यांसाठी एक नियम: गैरहजेरी अहवालात लिहिण्याआधी घरी एक फोन करायचा.

बैठक संपताना सागर पहिल्यांदा स्वतःहून बोलला. ‘मॅडम, मी तुम्हाला गटात जे सांगतो, ते साहेबांना सांगणार का?’

सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं ठरवलं की मुलाला आपण घेरले गेलो असं वाटतं. म्हणून तिथेच, सगळ्यांसमोर, ठरवून टाकलं: साहेबांना आणि मंडळाला माझ्याकडून हजेरी, अडचण आणि पुढची गरज एवढंच जाईल. वडिलांबद्दल तो काय बोलला, रात्री झोप का लागत नाही, हे माझ्यापाशी राहील. फक्त त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, आणि तसं करण्याआधी त्याला सांगेन. त्याने मान हलवली. गटात तो मोकळा व्हायला लागला तो या दिवसानंतर. माझ्या कुठल्याही कौशल्याने ते झालं नव्हतं.

तीन आठवड्यांनी सकाळी फोन आला. ‘मॅडम, आज गॅरेजात शेठ नाही, मला थांबावं लागतंय. साहेबांना भेटायला उद्या येऊ का?’ आधी हाच मुलगा न सांगता गायब व्हायचा, कारण सांगायचं कुणाला हेच त्याला ठाऊक नव्हतं. जुलैच्या पुरवणी परीक्षेत इंग्रजी सुटलं, गणित राहिलं. मधे एकदा जुन्या मित्रांबरोबर रात्रभर बाहेर राहिला आणि आईने रडत फोन केला. तेव्हाही साहेब आणि मी दोघांनी मिळूनच त्याच्याशी बोललो. देखरेखीचं वर्ष पुरं झालं. गणिताला तो पुन्हा बसणार आहे.

आता ताई, तुमच्या प्रश्नाकडे येते. रिमांड होमच्या भीतीने तुमची झोप उडाली आहे, म्हणून हे आधी. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, तोही नीट चौकशी करून, हे कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिलेलं आहे. एक हजेरी चुकली म्हणून कुणी त्याला उचलून नेत नाही. पण न सांगता चुकलेल्या हजेऱ्या साठत गेल्या की मंडळासमोर वेगळंच चित्र जातं, आणि तिथे तुमची बाजू मांडणारा कागद नसतो. म्हणून साध्या कागदावर लिहा, कुठल्या दिवशी कुठे गेलात, कोण भेटलं, कोण नाही. तिकिटं ठेवा. तारखा एका दिवशी आणून द्या अशी विनंती परिविक्षा अधिकाऱ्यांना लेखी करा, ती करायला लाजू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

डागाचं म्हणाल, तर कायदा तुम्हाला वाटतो त्याहून मायाळू आहे. कलम 24 प्रमाणे अशा मुलाला शिक्षेमुळे येणारी कुठलीही अपात्रता चिकटत नाही. सोळा वर्षांवरच्या ज्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटला चालतो, त्यांचा अपवाद आहे. तुमच्या मुलाचं प्रकरण तसं नाही. कलम 74 प्रमाणे चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी त्याची नोंद उघड करायची नाही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी त्याचं नाव किंवा फोटो टाकला तर गुन्हा टाकणाऱ्याचा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे मी सागरच्या आईलाही सांगितलं होतं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग घडी घालून आदेशाची प्रत पिशवीत ठेवली.

तुम्ही पुढच्या बुधवारी येणार आहात. येताना घरचं कॅलेंडर घेऊन या, दुधाचा हिशेब असला तरी चालेल. मुलाला आणि साहेबांना मी थांबायला सांगते.