‘किरकोळ’ या रकान्यात काय आहे?

पत्र: ताई, माझे वय ३९ आहे, नोकरी कायम आहे आणि पगार वेळेवर होतो, तरीही गेली चार वर्षे मी कर्जातून बाहेर पडू शकलेलो नाही. पगार १०० धरला तर घरभाडे, मुलीची शाळा, प्रवास आणि ठरलेली बिले यांत ४३ जातात. वैयक्तिक कर्जाचा हप्ता २२, मोबाइलचा ६ (तो तीन महिन्यांत संपेल) आणि क्रेडिट कार्डाची किमान रक्कम ८. उरलेले किरकोळीत जातात. कार्डाची थकबाकी गेल्या वर्षी १२० होती, ती आज १५० आहे आणि तिच्यावर महिना ३ टक्के व्याज लागते. मेहुण्याकडून ३० हातउसने घेतले आहेत. तो मागत नाही, पण मी त्याच्याकडे जाणे टाळतो. पत्नीला कार्डाचे माहीत नाही. खर्च लिहून ठेवण्याचा प्रयत्न तीनदा केला आणि तिन्ही वेळा दहा-अकरा दिवसांत सोडला. आता एकच मोठे कर्ज काढून सगळे फेडावे का? की माझ्यात शिस्तच नाही?

उत्तर:

तुमच्या पत्राबद्दल आधी आभार मानते, कारण हिशेब न लपवता लिहिणारी पत्रे फार येत नाहीत. तुम्ही भाडे लिहिले, हप्ते लिहिले, व्याजाचा दरही लिहिला. मात्र एका ठिकाणी तुमची लेखणी घाईने पुढे गेली आहे. ४३ आणि ३६ मिळून ७९ होतात. राहिलेल्या २१ बद्दल पत्रात एकच शब्द आहे, तो म्हणजे ‘किरकोळ’. पगाराच्या पाचव्या हिश्शाहून मोठ्या रकमेला आपण हा शब्द वापरतो तेव्हा तिच्याकडे पाहायचे नाही असे आपण ठरवलेले असते, आणि माझ्या मते तुमच्या चार वर्षांचे उत्तर त्याच शब्दाखाली दडलेले आहे.

तुमच्याच आकड्यांवरून मी थोडे गणित करून पाहिले. कार्डावर एकही नवा खर्च न करता तुम्ही वर्षभर थकबाकीच्या ५ टक्के किमान रक्कम भरत राहिला असता, तर १२० ची थकबाकी उतरून साधारण ९२ वर आली असती. प्रत्यक्षात ती १५० झाली. याचा अर्थ असा, की दर महिन्याला सुमारे साडेपाच इतका नवा खर्च कार्डावर चढत गेला आहे, आणि तुमची किरकोळ २१ नसून साडेसव्वीसच्या आसपास आहे. तुम्ही उधळे आहात असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. दरमहा साडेपाचाचे एक भोक आहे आणि ते नेमके कुठे आहे हे तुम्हाला दिसत नाही, एवढेच यातून कळते. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण तुम्हाला आजवर अनेकांनी ऐकवली असेल. मी ती ऐकवणार नाही, कारण तुमचे अंथरूण किती लांब आहे हे अजून कोणी मोजलेलेच नाही.

म्हणून खर्चाच्या वहीकडे वळते. अकराव्या दिवशी काय होते, याचा मला अंदाज आहे. दोन दिवस लिहायचे राहते, तिसऱ्या दिवशी आठवून लिहिण्याचा प्रयत्न होतो, काही केल्या बेरीज जुळत नाही आणि अर्धवट वही ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी असे वाटून ती कपाटात जाते. जुन्या हिशेबनिसांपुढेही हीच अडचण होती आणि तिच्यासाठी त्यांनी एक सुंदर सोय करून ठेवली होती, ती म्हणजे उचंत खाते. ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती उचंतीत टाकायची आणि कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, पुढे चालू ठेवायची. तुम्हीही तेच करा. दर रविवारी बँकेतील शिल्लक, खिशातील रोकड आणि कार्डावर त्या आठवड्यात चढलेली रक्कम वहीशी ताडून पाहा. जो फरक निघेल तो ‘उचंत’ म्हणून एका ओळीत लिहा आणि पुढच्या पानावर जा. मागचे आठवत बसू नका. पहिल्या आठवड्यात उचंत मोठी निघेल, ती पुढे आपोआप आटत जाते.

वही कागदाची असो वा मोबाइलमधली, नोंद मात्र पैसे देण्याच्या क्षणी झाली पाहिजे आणि तिच्यात रक्कम, कशासाठी आणि कशाने दिले एवढेच असावे. कार्डाचा खर्च तर बिल येईल त्या दिवशी नव्हे, वस्तू घेतली त्या दिवशीच लिहायचा. या मुद्द्यावर मी अडून बसते त्याला कारण आहे. ड्रॅझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सामन्याच्या तिकिटांसाठी कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे सांगितलेल्यांनी रोख द्यायचे आहेत असे सांगितलेल्यांपेक्षा बरीच चढी बोली लावली होती. काही बाबतींत ती दुपटीपर्यंत गेली. कार्डामुळे वस्तू घेण्याचा क्षण आणि पैसे जाण्याचा क्षण एकमेकांपासून दूर जातात. वहीतील नोंद त्यांना पुन्हा जवळ आणते, आणि तिचा निम्मा उपयोग तेवढाच आहे.

आणखी एक पथ्य सांगते, जे मी स्वतः ठेच लागून शिकले. मी पहिल्यांदा वही ठेवली तेव्हा दीड महिन्याच्या अखेरीस माझा सर्वांत मोठा रकाना ‘इतर’ होता. लिहिल्याचे समाधान पुरेपूर मिळाले होते आणि कळले काहीच नव्हते. तो रकाना मी खोडला आणि प्रत्येक खर्चाला नाव देणे स्वतःला भाग पाडले, तेव्हा कुठे लक्षात आले की माझे बरेचसे पैसे मी दमून घरी परतते त्या संध्याकाळी जातात, आणि वस्तूंपेक्षा अधिक श्रम वाचवण्यावर जातात. तुमच्या वहीतून दुसरेच काही निघेल. म्हणूनच अमुक खर्च बंद करा अशी यादी मी देत नाही. पहिला महिना काहीही न कापता केवळ लिहा. ‘इतर’ आणि ‘किरकोळ’ हे दोन शब्द मात्र वहीत येऊ देऊ नका.

दुसऱ्या महिन्यापासून अंदाजपत्रक. पगार हाती येण्याच्या आदल्या दिवशी १०० पैकी प्रत्येक भागाला काम नेमून द्यायचे. तुमचे ७९ आधीच नेमलेले आहेत, तेव्हा खरा प्रश्न २१ चाच उरतो. त्यातले ३ आधी बाजूला काढा. विम्याचा हप्ता, वाहनाची दुरुस्ती, शाळा सुरू होतानाची खरेदी, कोणाला द्यायची भेट हे सारे खर्च आपण ‘अचानक आले’ म्हणतो, पण विम्याची तारीख वर्षभर आधी छापून आलेली असते. अशा खर्चांची वर्षाची बेरीज करून तिला १२ ने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. मी ३ धरले आहेत; तुमची बेरीज अधिक निघाली तर तो आकडा वाढवा. ही तजवीज नसेल तर पुढची दुरुस्ती पुन्हा कार्डावरच जाणार. राहिलेले १८ महिन्याला एकदम वापरायला घेऊ नका, आठवड्याला सुमारे ४ असे तोडून घ्या. महिन्याचा अंदाज चुकल्याचे पंचवीस तारखेला कळते आणि तेव्हा हाती काही उरलेले नसते. आठवड्याचा अंदाज चुकला तर तो चार दिवसांत सावरता येतो. या ४ मध्येच तुमच्या आणि पत्नीच्या स्वतंत्र हातखर्चासाठी थोडी रक्कम ठेवा, जिचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. ही चैन नव्हे. ज्या अंदाजपत्रकात श्वास घ्यायला जागा नसते ते अकराव्या दिवशीच मोडते.

साडेसव्वीसचे २१ करायचे म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा कमी करायचा. ते सोपे आहे असे मी म्हणणार नाही, पण त्याचे फळ काय ते पाहा.

किमान रकमेचा सापळा असा असतो, की थकबाकी घटते तशी किमान रक्कमही घटते आणि परतफेड दिवसेंदिवस मंदावत जाते. महिना ३ टक्के व्याज आणि ५ टक्के किमान रक्कम या हिशेबाने १०० ची थकबाकी निम्मी व्हायलाच ३२ महिने लागतात, तेही नवा खर्च शून्य असेल तर. पहिल्या महिन्यात जी रक्कम भरली तीच पुढेही न घटवता भरत राहिलात, तर तीच थकबाकी ३० महिन्यांत पूर्ण फिटते. एक पैसाही वाढवायचा नाही, फक्त तो खाली येऊ द्यायचा नाही. म्हणून तुमचे ८ हे बिलावर काहीही छापून आले तरी ८ च राहतील. तीन महिन्यांनी मोबाइलचा हप्ता संपेल तेव्हा सुटलेल्या ६ पैकी ५ कार्डाकडे वळवा आणि १ मेहुण्याला द्या. कार्ड आजपासून वापरायचे थांबले, तर या हिशेबाने सतराव्या महिन्यात त्याची थकबाकी शून्य होते. मधल्या काळात काही वरकड रक्कम हाती आली तर तीही कार्डावरच भरा. वैयक्तिक कर्ज त्याच्या हप्त्याने चालू द्या; त्याचा दर तुम्ही लिहिलेला नाही, परंतु महिना ३ टक्क्यांच्या जवळपास जाणारे असे कर्ज क्वचितच असते.

मेहुण्याला द्यायचा १ व्याजाच्या गणितात बसत नाही, हे मला कळते. त्याच्या पैशाला व्याज नाही, तेव्हा शुद्ध हिशेबाने तो शेवटी यायला हवा. पण त्याच्याकडे जाणे टाळण्याची किंमत तुम्ही आज मोजत आहातच. त्याला भेटून सांगा की अमुक महिन्यापासून थोडे थोडे देईन आणि कार्ड फिटले की उरलेले दोन-तीन महिन्यांत पूर्ण करीन.

आता मोठ्या कर्जाबद्दल. असे कर्ज वाईटच असते असे नाही. त्याचा दर कार्डाच्या दरापेक्षा पुष्कळ कमी असेल, प्रक्रिया शुल्क धरूनही एकूण परतफेड कमी होत असेल आणि मुदत लांबवलेली नसेल, तर ते उपयोगी पडते. लोक मात्र केवळ हप्ता पाहतात. वर्षाला १२ टक्के दराने घेतलेले १०० दोन वर्षांत फेडले तर व्याज साधारण १३ होते; तेच पाच वर्षांवर नेले तर हप्ता निम्म्याहून कमी होतो आणि व्याज ३३ च्या पुढे जाते. तुमच्या बाबतीत माझी खरी भीती याहून वेगळी आहे. साडेपाचाचे भोक बुजलेले नसताना कार्ड कोरे झाले, तर दोन वर्षांनी तुमच्यापुढे मोठे कर्जही असेल आणि भरलेले कार्डही असेल. तेव्हा सलग तीन महिने वहीत कार्डावरचा नवा खर्च शून्य दिसू द्या. त्यानंतर चौकशी करा आणि कर्ज घेतलेच, तर त्याच दिवशी कार्डाची मर्यादा कमी करून घ्या. जुना हप्ता भरण्यासाठी झटपट मिळणारे छोटे कर्ज मात्र कोणत्याही परिस्थितीत घेऊ नका. एखादा हप्ता चुकणार असे दिसले, तर तो चुकण्याआधी कर्ज देणाऱ्याशी स्वतःहून बोला; थकल्यानंतर बोलण्यापेक्षा तेव्हा अधिक वाटा मोकळ्या असतात.

पत्नीला सांगण्याचा विषय तुम्ही एका वाक्यात उरकला आहे, तोही किरकोळ असल्यासारखा. घरातील निम्मे खर्च तिच्या हातून होत असतील, तर तिला वगळून केलेले अंदाजपत्रक म्हणजे कल्पित कथाच. सांगताना चारही देणी एका कागदावर लिहून न्या: कोणाचे, किती उरले, व्याज किती, दरमहा किती, तारीख कोणती. आज कार्ड, पुढच्या महिन्यात मेहुण्याचे, असे हप्त्याहप्त्याने सांगू नका, कारण माणूस रकमेने दुखावतो त्याहून अधिक दुसऱ्यांदा लपवलेले उघडे पडल्याने दुखावतो. ती रागावेल. तेव्हा सतरा महिन्यांचा आराखडा लगेच पुढे करून त्या रागाला गप्प करू नका. तिला विचारायचे असेल ते सगळे विचारू द्या आणि अंदाजपत्रक दुसऱ्या दिवशी, शक्य झाल्यास तिच्या हस्ताक्षरात, नव्याने मांडा. १८ चे वाटप तुमच्यापेक्षा ती अधिक अचूक करील असा माझा कयास आहे.

शिस्तीबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे. चार वर्षांत एकही हप्ता चुकल्याचे तुमच्या पत्रात कुठे आलेले नाही, म्हणजे ज्या खर्चाला नाव, रक्कम आणि तारीख आहे तो तुम्ही नेमाने पाळता. २१ ला यांपैकी काहीच दिलेले नव्हते. तीन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. बाकीचे आकडे मला ठाऊक आहेत, फक्त त्या २१ ची फोड आणि उचंतीत किती राहिले तेवढे कळवा.